जिथे पहिला नंबर येणार नाही अशी एक गोष्ट

अक्का,

शाळा सोमवारी उघडली. तुझ्याशिवाय उघडली, हे तुला पटणार नाही, पण उघडली. घंटा वेळेवर झाली, प्रार्थना झाली, आठवीची मुलं नव्या वर्गात जाऊन खिडकीजवळच्या बाकांसाठी भांडली. तुझ्या टेबलावर कुणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. तुला जास्वंद आवडत नाही हे त्यांना कुठून माहीत असणार?

तू गेल्यापासून घरी हैदराबादभरच्या माणसांची रीघ लागली आहे. जो येतो तो तुला देवी करून जातो. ‘कुसुमबाई किती शांत होत्या! कधी आवाज चढवला नाही.’ मी चहाचे कप उचलताना मनात म्हणते, हे कुणाबद्दल बोलताहेत? माझी अक्का काचीगुड्यात भाजीवाल्याशी बोलायला लागली की स्टेशनावर ऐकू जायचं. गेलेल्या माणसाला घासूनपुसून गुळगुळीत करायची आपल्याकडे फार घाई असते. म्हणून हे लिहायला बसले. तुझे कंगोरे कुणीतरी ठेवायला हवेत, आणि ते मला जितके टोचलेत तितके कुणालाच टोचलेले नाहीत. धाकट्या बहिणींच्या वाट्याला हेच येतं.

दुसरं कारण म्हणजे आपला वाद अर्धाच राहिला आहे. माझ्या केतकीच्या आठवीचा.

आठव, एप्रिलमध्ये गच्चीवर आपण सांडगे घालत होतो. केतकीची सातवीची परीक्षा संपली होती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की दिलसुखनगरला एक क्लास आहे, आठवीपासूनच इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात, रोज संध्याकाळी साडेचार ते साडेसात, रविवारीसुद्धा. तू हातातलं पीठ ताटलीत टाकलंस आणि म्हणालीस, “म्हणजे खो-खो बंद.” बाकी काही नाही. इंजिनियरिंग नाही, अंतर नाही, बस नाही. तुला एवढंच दिसलं.

आता खरं सांगते, तेव्हा मला तुझा राग आला. केतकी खो-खोत काय दिवे लावते ते आपण दोघींनी पाहिलं होतं. डाव सुरू झाला की सगळ्यांच्या आधी बाद होणारी मुलगी कोण, तर आपली केतकी. खांबाजवळ वळताना तिचा पाय घसरतो, आणि बसल्या जागेवरून उठायचं असतं तेव्हा तिला आधी विचार करायचा असतो. असल्या खेळासाठी पोरीचं आयुष्य पणाला लावायचं? मी तसं म्हणालेही. तू म्हणालीस, “पण रोज जाते ना?”

माझी बाजू मी पुन्हा एकदा नीट मांडते, कारण तू नेहमी मध्येच तोडायचीस. केतकीच्या बाबाच्या, श्रीकांतच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली आहे. आपल्या बाबांच्या काळी सरकारी कारखान्यात चिकटलेला माणूस थेट निवृत्तीचा हार घालून घेऊनच बाहेर पडायचा. आता कुकटपल्लीहून परत येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज एकच विषय असतो, कुणी अर्ज भरला आणि कुणी नाही. माझ्या टेलिफोनच्या ऑफिसातही सगळं बदलतंय. ज्या फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे तो आता मागितला की मिळतो, आणि आम्हा बायकांना वाटतं, उद्या आमचं काय काम? समोरच्या रेड्डींचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला आणि साऱ्या गल्लीला तो आपल्याच पोटचा वाटायला लागला. अशा दिवसांत मराठी माध्यमातल्या मुलीच्या आईला भीती वाटली तर ती काय वेडी? मला भीती वाटत होती, अक्का. अजून वाटते. तू ती कधी खोटी ठरवली नाहीस, हे तेवढं मान्य करायला हवं. तू म्हणालीस, “भीती तुझी आहे. दप्तर तिच्या पाठीवर कशाला?”

मग तूच म्हणालीस, चल, बघून येऊ. क्लासवाल्यांनी एक तास फुकट बसून बघायला सांगितलं होतं. आपण तिघी ऑटोने निघालो. तू ऑटोवाल्याला विचारलंस, “दिलसुखनगर आते क्या भई?” तो म्हणाला, “आते अम्मा, पन गल्ली में नक्को बोलना, रोडपेच छोडतूं.” रस्ताभर तू त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी केलीस. उतरेपर्यंत त्याच्या थोरलीचं गणित कच्चं आहे हे आपल्याला कळलं होतं आणि तिने काय करावं हे त्याला.

साड्यांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर तो वर्ग होता. जिन्यात पास झालेल्या मुलांचे फोटो, वर पोचेपर्यंत फोटोच फोटो. तू मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी जाऊन बसलीस, गुडघे आखडून. सर तरुण होते. इंग्रजीत शिकवत, मध्येच तेलुगूत विनोद करत. सारा वर्ग हसे आणि केतकी क्षणभर मागून हसे. ते मी पाहिलं आणि तूही पाहिलंस. पण सर आरशात किरण कसा वळतो ते असं काही शिकवत होते की मी, जिने आठवीत विज्ञानाला रामराम ठोकला होता, मीसुद्धा पुढे सरकून बसले.

तास संपल्यावर सरांनी विचारलं, काही शंका? आणि तू उभी राहिलीस. तुझ्या त्या जगप्रसिद्ध तेलुगूत तू विचारलंस, “पिल्ललु एप्पुडु पडुकुंटारु?” मुलं झोपतात कधी? तुझे सगळे उच्चार इतके मराठी होते की पुढच्या बाकांवर खसखस पिकली. सर हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, “पडुकुंटे सीट रादम्मा.” झोपलं तर सीट मिळत नाही, अम्मा. ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही झोप साचलेली होती.

परत येताना मला वाटलं होतं तू त्यांना झोडपशील. तू म्हणालीस, “शिकवतो छान गं. मेला माझ्यापेक्षा छान शिकवतो.” हा तुझा कंगोरा मला सगळ्यांत आवडायचा. समोरच्याचं चांगलं दिसलं की तू ते बोलून मोकळी व्हायचीस, मग त्याने तुझी बाजू लंगडी झाली तरी. केतकीला तू विचारलंस, कळलं का? ती म्हणाली, कळलं, पण विचारायला भीती वाटली. तू म्हणालीस, “हसतील म्हणून? मला हसले की आत्ता. मेले का मी?”

आता तू मेलीस, अक्का. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि शेवटी ठेवलं.

त्यानंतर मे लागला, आणि आपण तो विषय बाजूला ठेवला, कारण लोणच्याच्या कैऱ्या आल्या. आपलं शेवटचं बोलणं त्या कैऱ्यांवरून झालं. तुला तेलुगू पद्धतीने कोय ठेवून मोठ्या फोडी हव्या होत्या, मोहरीची पूड आणि लसूण घालून. मला आईसारखं गूळ घातलेलं हवं होतं. तू म्हणालीस, दोन बरण्या कर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पेपर उघडलास आणि पहिलं पानही संपवलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. पेपर हातात असून तुला काही कळलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मुख्याध्यापिका गेल्या आठवड्यात घरी आल्या. म्हणाल्या, “पहिल्या दिवशी आठवीला कुसुमबाईंचा तास असतो. दुसरं कुणी घ्यायला तयार नाही. तुम्ही याल?” मी म्हटलं, मी टेलिफोनवाली, मला शिकवता येत नाही. त्या म्हणाल्या, “त्या तासाला कुठे शिकवायचं असतं?”

ते मात्र खरं. तुझ्या त्या तासाला पुस्तक उघडायचं नसे. मी तो कधी पाहिला नव्हता, पण दर वर्षी जूनमध्ये रात्रीच्या जेवणाला तो पूर्ण ऐकला होता, त्यामुळे तोंडपाठ होता. आणि त्यातलं निम्मं तू माझ्यावरच आधी करून पाहिलं होतंस. मी आठवीत बीजगणितात नापास झाले तेव्हा तू मला जिन्यात गाठून म्हणालीस, “आत्ता जा आणि आईला तूच सांग. दुसऱ्याने सांगितलं तर मार्कही जातात आणि तोंडही.” मी जाऊन सांगितलं. आई रागावली, पण जेवायला वाढून रागावली. तेच तू पुढे मुलांना सांगत राहिलीस, घरातल्या एका मोठ्या माणसाशी खरं बोलायची सवय लावा, आई नसेल तर काका, काका नसेल तर मी आहे.

मी सोमवारी गेले. साडी कुठली नेसावी यावर अर्धा तास घातला, तू हसली असतीस. वर्गात केतकी तिसऱ्या बाकावर. तिने माझ्याकडे अनोळखी असल्यासारखं पाहिलं, ते मला बरंच वाटलं.

मी तुझ्यासारखं बोलले नाही. मला ते जमणारही नाही. मी म्हटलं, “बाई सांगायच्या झोपा. मीही सांगते झोपा, पण वर्गात नको.” मुलं हसली, मग मला जरा धीर आला. शंका त्याच दिवशी विचारा, शिळी झाली की तिची लाज वाटायला लागते, हे सांगितलं. आठवीत अचानक सगळं अवघड होतं ते तुम्ही ढ झालात म्हणून नव्हे, पुस्तक जाड झालं म्हणून, हेही सांगितलं. मग माझं स्वतःचं एक घुसडलं, तुला न विचारता. मी म्हटलं, बाहेर जग भराभर बदलतंय, इंग्रजी लागणार, कॉम्प्युटर लागणार, त्याला घाबरून मराठीच्या पदराआड लपू नका; आणि इंग्रजी येऊ लागलं की मराठी वाचायला लाजूही नका. तू म्हणाली असतीस, “भाषण नको.” म्हणून आवरतं घेतलं.

मग ती तुझी गोष्ट आली. बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो म्हणेल ही कसली शाळा. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाने उभं राहून एक गोष्ट सांगायची, जिच्यात आपला पहिला नंबर कधीच येणार नाही, पण जी करायला आवडते. ती दहावीपर्यंत सोडायची नाही. आणि दहावीच्या निरोपाला भाषणांऐवजी ती सगळ्यांसमोर करून दाखवायची. त्या समारंभाइतकं बेसूर गाणं मी अख्ख्या हैदराबादेत ऐकलेलं नाही. एका वर्षी एका मुलाने स्टोव्ह पेटवून भाकरी थापली आणि ती आंध्राच्या नकाशासारखी झाली, तर भूगोलाच्या सरांनी त्यात गोदावरी दाखवली. शेवटी तुझा नंबर. तू दर वर्षी तेलुगूत भाषण करायचीस. तेलुगूच्या बाई पदराने डोळे पुसत हसायच्या आणि पुढल्या वर्षासाठी चुका सुधारून द्यायच्या, आणि पुढल्या वर्षी तू नव्या चुका करायचीस.

मी हे सगळं पोरखेळ समजत होते. तुला तसं बोलूनही दाखवलं होतं, की मुलांना पुढे कसं जायचं ते शिकवायच्या ऐवजी तू त्यांना मागे राहायला शिकवतेस. तू म्हणालीस, “पुढे जायला सगळेच सांगतात. एखाद्या दिवशी मागे पडली म्हणजे काय करायचं ते कोण सांगणार?” त्यावर मी कुकर लावायला उठले होते. दिलसुखनगरच्या त्या वर्गात तू मागच्या बाकावरून उभी राहिलीस तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की इतक्या वर्षांच्या त्या वाईट तेलुगूने तुला काय दिलं होतं. सगळा वर्ग हसत असताना तुला हवा तो प्रश्न तू शेवटपर्यंत विचारलास.

तर मुलं एकेक उठू लागली. चित्रकला. गाणं. कॅरम. एक मुलगी म्हणाली, पोळ्या. एक जण गंभीरपणे म्हणाला, “गणित.” वर्ग हसत सुटला. मी विचारलं, आवडतं का पण? म्हणाला, “हो, फार.” त्याला तू कडेवर घेतलं असतंस.

केतकी उठली. बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत म्हणाली, “खो-खो म्हणणार होते. पण संध्याकाळी क्लास लागला तर जमणार नाही.” आणि बसली.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. आधी मला रागच आला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची काही गरज होती का? मग कळलं, की ही भांडत नव्हती. तुझ्या तासाला खरं सांगायचं असतं, म्हणून तिने खरं सांगितलं. घरातल्या एका मोठ्या माणसाला. आत्तापर्यंत ते माणूस तू होतीस, अक्का. प्रत्येक वेळी तूच होतीस. मार्क कमी पडले की ती तुझ्या खोलीत आधी जायची आणि मग माझ्याकडे, आणि मला त्याचा मत्सर वाटायचा, हे तुला माहीत होतं. तू कधी बोलली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

मी म्हटलं, “क्लास लागलेला नाही अजून. खो-खो सांग.”

ती पुन्हा उठली आणि म्हणाली, “खो-खो.”

मला वाटलं झालं, सुटले. तेवढ्यात त्या गणितवाल्याने हात वर केला. “काकू, तुमचं काय? बाई स्वतःचं सांगायच्या.” मी काहीच ठरवून गेले नव्हते. शिवण म्हणावं, लोणचं म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. पण मघाशीच मी त्यांना खरं बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, “तुमच्या बाईंशी वाद घालणं. लहानपणापासून घालत आले. कधी पहिला नंबर आला नाही आणि कधी सोडलंही नाही.” कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मी रडले, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून. पहिल्या बाकावरच्या मुलीने तिची पाण्याची बाटली पुढे केली.

काल ऑफिसातून येताना मी दिलसुखनगरला उतरून त्या सरांना सांगून आले, या वर्षी नाही. त्यांनी तुझी चौकशी केली. “आ तेलुगू अम्मा?” म्हणाले, त्या तेलुगू अम्मा कशा आहेत. तुला तेलुगू अम्मा म्हणणारा जगात तो एकच माणूस असेल. मी सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि हात जोडले.

श्रीकांत म्हणाला, अक्कांचं ऐकलंस तर शेवटी. मी म्हटलं, ऐकलं नाही, आठवीपुरतं मान्य केलं. त्याच्या कारखान्याचं काय व्हायचं ते होईल. माझी भीती आहे तिथेच आहे, फक्त दप्तरातून काढून ती माझ्या पर्समध्ये ठेवली आहे. तुझ्या पद्धतीचं लोणचं मुरलं, आणि चांगलं झालं आहे. आईसारखं नाही, पण चांगलं.

आज संध्याकाळी मैदानावर जाऊन उभी राहिले. केतकी सगळ्यांच्या आधी बाद झाली. धूळ झटकत बाहेर आली आणि मला बघून हात हलवला. मग रेषेबाहेर बसून दुसऱ्या मुलींना ओरडून सांगायला लागली, कुणी कुठे वळायचं ते. तुझाच आवाज आहे तिचा. स्टेशनावर ऐकू गेला असेल.

तेव्हा आठवीपुरती तू जिंकलीस. पण नववीच्या जूनमध्ये मी हा विषय पुन्हा काढणार आहे, आधीच सांगून ठेवते. तोवर जग अजून पुढे गेलेलं असेल आणि माझ्याकडे नवी कारणं असतील. अडचण एवढीच आहे, की तू नाहीस, म्हणजे तुझी बाजूही आता मलाच मांडावी लागणार. आणि ती मी अगदी नीट मांडणार आहे, अक्का. मध्येच तोडणार नाही.